अंदाज न करणारी उघाडी

खारमांडवे हे गाव तुम्हाला नकाशावर सापडलं नाही, तर तो नकाशा भरतीच्या वेळी काढलाय असं समजा. ओहोटीला गाव असतं. चांगलं दीडशे उंबऱ्यांचं, धरमतरच्या खाडीपेक्षा हातभर खाली बसलेलं, आणि समुद्राशी सख्ख्या शेजाऱ्यासारखं वागणारं. म्हणजे रोज भांडायचं आणि सणाला ताट पाठवायचं.

गाव आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा एक बांध आहे. बांधाच्या आत भातशेती, बाहेर खारं पाणी. बांधाला एकच दार, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. ओहोटी लागली की उघाडी उघडायची आणि शेतात साचलेलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं. भरती चढायच्या आत ती मिटायची. उघडी राहिली तर खारं पाणी आत शिरतं आणि जमीन तीन वर्षं रुसते. मिटलेली राहिली तर आतलं पाणी चढतं, भात कुजतं, आणि बांध आतून फुटतो. त्यामुळे आमच्या गावात सरपंच कोण आहे हे पुष्कळांना आठवत नाही, पण उघाडीवाला कोण हे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं.

ही गोष्ट घडली तेव्हा उघाडीवाला होता हिराजी घरत. वय सत्तरीच्या पुढे, छाती बांधासारखी, बोलणं कमी. बोलणं कमी असण्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. त्या काळात सगळ्यांचंच बोलणं अर्ध्यावर आलं होतं. वीसेक वर्षं घरातली, बाजारातली, कचेरीतली सगळी यंत्रं इतकी शहाणी झाली होती की, माणसानं तोंड उघडलं की पुढचं ती ओळखून घ्यायची. फोनला नुसतं "ते आपलं" म्हटलं की बरोबर त्या माणसाला फोन लागायचा. शेगडीला "कालच्यागत" म्हटलं की कालच्यासारखा भात. आमच्या पाणी संस्थेचा अध्यक्ष विश्राम ठाकूर, त्यानं बायकोला मागणी घातली ती "मला तू" एवढ्यावरच. उरलेली त्याच्या फोनानं पुरी केली. त्याची बायको अजून म्हणते की मी हो म्हटलं ते फोनाला.

तेव्हा उघाडीलाही तसलंच शहाणं यंत्र बसवलेलं होतं. हिराजी बांधावर उभा राहून सुस्कारा टाकायचा, आणि यंत्र त्या सुस्काऱ्यावरून, ढगांवरून, भरतीच्या कोष्टकावरून ताडायचं की ह्याला आज दोन विती म्हणायचंय. बहुतेकदा बरोबर ताडायचं. मग एके दिवशी हिराजीची दाढ दुखायला लागली. त्या दिवशी तो इतका खोल कण्हला की यंत्रानं उघाडी सताड उघडली, आणि ऐन भरतीला खाडी गावात पाहुणी आली. विश्रामच्या ओसरीवर त्या दिवशी कोळंबी वेचली, हे मी माझ्या हातांनी सांगतो. पुढच्या वर्षीच्या वादळात शहाण्या यंत्रांना अक्कल पुरवणारे मनोरेही आडवे झाले. तेव्हा संस्थेनं ठराव केला की आम्हाला आता अंदाज करणारं यंत्र नको. सांगू तेवढं ऐकणारं हवं.

असं यंत्र मिळालं ते चिखलामुळे.

खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतला, काळा चिखल तुम्ही पाहिला असेल, निदान वास तरी घेतला असेल. त्याच्या पोटात हवा पोहोचत नाही. आपण अन्न जाळतो आणि त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनच्या हवाली करतो. श्वास म्हणतात तो हाच व्यवहार. चिखलातल्या जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, म्हणून ते आपले इलेक्ट्रॉन लोहाच्या कणांवर नेऊन टाकतात. त्यांना वाटेत कोळशाचं कापड पुरून ठेवलं तर त्यावर टाकतात. त्या कापडाला तार बांधून ती वर, मोकळ्या पाण्यात, ऑक्सिजनपर्यंत आणली की तारेतून वीज वाहू लागते. मनोरा नको, खांब नको, वादळ आलं तरी चिखल काही उडून जात नाही. खोट एवढीच की ही वीज फार थोडी. काजव्यानं बघितली तर त्याला स्वतःचा अभिमान वाटेल, इतकी. उघाडीचं दार उचलायला ताकद पाण्याचीच वापरायची, तरंगता पिंप आणि वजनं लावून. चिखलाची वीज फक्त खिट्टी काढणार आणि घालणार, आणि हिशेब करणारा सुपारीएवढा एक गणकठोकळा जागा ठेवणार. एवढ्याशा विजेवर शहाणपण चालत नाही. आज्ञाधारकपणा चालतो. म्हणून सगळ्या जगानं माळ्यावर टाकलेली सी नावाची जुनी भाषा पुन्हा खाली उतरवावी लागली, कारण तिच्यात लिहिलेला हुकूम थोडक्यात मावतो आणि जसाच्या तसा पाळला जातो.

हा हुकूम लिहिणार कोण? हिराजीची सून दर्शना. नवरा टगबोटीवर, घरात सासरा, ती आणि एक पांढरा बोका. ती पाणी संस्थेचं कामकाज बघायची. संस्थेनं तिला पेणला केळुसकरबाईंच्या वर्गाला पाठवलं. सी शिकून ती परत आली ती नव्या नवरीच्या उत्साहानं, म्हणजे सगळं येतंय असं वाटत होतं आणि चूल कुठे आहे हे माहीत नव्हतं.

तिनं लिहिलेलं काम सरळ होतं. उघाडीशेजारी एक काच आणि अक्षरांची पाटी. काच आधी विचारणार, "किती वीत उघडू?" मग विचारणार, "किती तासांनी मिटू?" उघाडीवाल्यानं उत्तर टाकायचं आणि दर उत्तरामागे मोठं बटण दाबायचं. उत्तरं वाचायला तिनं स्कॅनएफ नावाचा हुकूम वापरला, वर्गात पहिल्या आठवड्यात शिकवतात तो. पहिल्या प्रश्नाला पूर्ण आकडा, कारण विती कुणी तुकड्यात मोजत नाही. दुसऱ्याला टिंबाचा आकडाही चालेल असं, कारण साडेतीन तास वगैरे लागतात. घरी तसलीच, काचेसकट, एक जुळी पाटी होती. तिच्यावर तिनं एक टाकलं, दोन टाकलं, तीन टाकलं. सगळं झकास.

पहिल्याच दिवशी हिराजीनं पाटीवर लिहिलं, "दोन". अक्षरांत.

आता स्कॅनएफ हा असा वाढपी आहे की त्याला आकडा आणायला पाठवला आणि दारात अक्षर दिसलं, तर तो अक्षराला हात न लावता रिकामा परत येतो. अक्षर तिथंच. यंत्रानं पुन्हा विचारलं, "किती वीत उघडू?" आणि उत्तरासाठी पुन्हा वाढप्याला पाठवलं. दारात तेच अक्षर. तो पुन्हा रिकामा. हिराजी बघतोय आणि काचेवर तोच प्रश्न धबधब्यासारखा कोसळतोय. गाव जमलं. कुणी म्हणालं यंत्राला उचकी लागली. दुपारपर्यंत प्रश्न विचारून विचारून चिखलाची सगळी वीज संपली, आणि खाजणातले खेकडे त्या दिवशी थकल्यासारखे चालत होते असं म्हणतात.

दर्शनानं बाईंना विचारून दुरुस्ती केली. वाढपी किती जिन्नस घेऊन परत आला हे तो सांगत असतो, ते विचारून घ्यायचं. रिकामा आला असेल तर दारातली सगळी ओळ झाडून टाकायची आणि मग पुन्हा विचारायचं. ही दुरुस्ती बरोबर होती, अर्ध्यापुरती. तो रिकामा आला तरच झाडायचं, असं तिनं लिहिलं. आकडा घेऊन आला असेल तेव्हाही मागे काही उरलंय का, हे बघायचं तिला सुचलं नाही. उत्तर मिळाल्यावर मागे वळून कोण बघतं?

आणि पुन्हा विचारताना काचेवर तिनं लिहिलं, "चूक. पुन्हा सांगा."

त्या एका ओळीनं घर फुटलं. काच रस्त्याकडे तोंड करून होती. हिराजी आयुष्यभर ओळखून घेणाऱ्या यंत्रांशी बोललेला. तो टाकायचा "कालच्यागत". काच म्हणायची, चूक. तो टाकायचा "पाऊस बघून". काच म्हणायची, चूक. येणारेजाणारे थांबून वाचायचे आणि विचारायचे, "काय दादूस, आज किती चुकलास?" म्हातारा पंधरवड्यात आकडे टाकायला शिकला. मुकाट्यानं, एक, दोन, तीन. पण सुनेशी बोलणं टाकलं ते टाकलंच. चहा हवा असला की बोक्याला सांगायचा, "सांग रं तुझ्या मालकिणीला." दर्शनाही मानी. तीही बोक्याला म्हणायची, "सांग, ठेवलाय." बोका बिचारा दोघांचं ऐकून इतका वाळला की त्याची सावली पडेनाशी झाली.

असा आला नारळी पौर्णिमेचा दिवस, या यंत्राची पहिली.

खारमांडव्यात ह्या दिवशी एक रीत आहे. सकाळच्या ओहोटीला उघाडीवाला दार नेहमीपेक्षा थोडं जास्त उघडतो. ते जास्तीचं उघडणं म्हणजे दर्याचा वाटा. गोडं पाणी आपण रोज आपल्या सोयीनं सोडतो, ह्या दिवशी थोडं त्याच्या नावानं सोडायचं. वाटा किती, ते फक्त उघाडीवाल्याला ठाऊक. बाप मरताना पोराच्या कानात सांगतो. सांगितलेलं दान पोचत नाही, ही श्रद्धा. फळ्यांची उघाडी होती तेव्हा तो पाचर मारून ते माप साधायचा आणि वर पोतं टाकायचा.

त्या सकाळी पाऊस मुसळासारखा लागला होता. हिराजीनं नारळ वाहिला, काचेसमोर गेला, आपलं गुपित माप टाकलं आणि मोठं बटण दाबलं. दार उचललं. दुसरा प्रश्न विचारायला काच थांबलीच नाही, आणि तिच्यावर काय उमटलं ते पावसाच्या धारांत त्याला वाचता आलं नाही. हिराजी जरा थांबला. मग त्याला वाटलं, सुनेनं काहीतरी बदललं असेल. आधीच्या यंत्रासारखं हेही आता ओळखून घेत असेल. घरी जाऊन विचारायचं तर बोलणं नाही, आणि एवढी तांत्रिक गोष्ट बोक्याच्या डोक्यावरून गेली असती. तो देवळात गेला.

पाव तासानं उघाडी मिटली.

हे कुणाच्या लक्षात आलं नाही. पाऊस एवढा की समोरचा हात दिसत नव्हता. माझ्या छत्रीचा कापडाचा भाग वाहून गेला आणि काड्या तेवढ्या हातात राहिल्या. दुपारच्या भरतीच्या सुमारास विश्राम ठाकूर ओरडत आला की खालची सगळी शेतं पाण्याखाली आहेत आणि बांध आतून पाझरायला लागलाय. घरटी एक माणूस चिखलाची ढेकळं घेऊन धावला. बाहेर भरती, त्यामुळे दार उघडायची सोय नाही. संध्याकाळची ओहोटी लागेपर्यंत बांध तगला तर तगला. पाझर बुजवून माणसं उघाडीशी जमली तेव्हा काचेवर अक्षरं होती, "एक वीत. पाव तास. आपण सांगितल्याप्रमाणे."

सगळ्यांनी ते वाचलं. मग सगळ्यांनी हिराजीकडे पाहिलं.

हिराजी म्हणाला, मना दुसरं इचारलंच नाय. कुणी हसलं. रोज विचारतं आणि आजच कसं विचारलं नाही? विश्राम तसा सरळ माणूस, पण त्याचं भात बुडालं होतं. तो म्हणाला की काकांना यंत्र पहिल्यापासून नको होतं, ते बदनाम व्हावं म्हणून त्यांनी मुद्दाम पाव तास टाकला. नाहीतर एवढंच सांगावं, सकाळी काय टाकलं? हिराजी देवळाकडे चालायला लागला. सांगणं म्हणजे वाटा बुडवणं. त्याच्या बापानं, आज्यानं कधी सांगितलं नव्हतं. विश्रामनं शाळेच्या पडवीत बैठक बोलावली, ओहोटी लागायच्या आत. म्हातारा उघाडीवर राहणार की नाही ते तिथं ठरणार होतं. चार पिढ्यांची उघाडी, आणि ती जाणार होती फितुरीचा डाग घेऊन.

दर्शना घरी पळाली. जुळ्या पाटीसमोर बसली आणि सगळं पुन्हा तपासलं. एक टाकलं, चार टाकलं. दोन, साडेतीन. अक्षरं टाकली, बटण नुसतं दाबून पाहिलं. यंत्र प्रत्येक वेळी दोन्ही प्रश्न विचारत होतं. म्हणजे यंत्र बरोबर आणि सासरा खोटा. ह्या उत्तरात तिचं भलंच होतं. पण हिराजी घरत उपाशी राहील, खोटं बोलणार नाही, हे तिला नांदायला आल्यापासून माहीत होतं. तिनं केळुसकरबाईंना फोन लावला. बाई ऐकून घेऊन म्हणाल्या, "तू तुझ्याच हातांनी तपासतेयस. तुझे हात तुला जे माहीत आहे तेच टाकणार. ज्यानं टाकलं त्याचे हात आण."

हिराजी देवळामागे बसला होता, जुन्या उघाडीच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या तिथं. दर्शना पाटी पदराखाली झाकून घेऊन गेली आणि समोर बसली. बोका बरोबर नव्हता, त्यामुळे दोघांची पंचाईत झाली. शेवटी तीच बोलली.

"मामा, काय टाकलं ते मी विचारणार नाही. सांगू नका. नुसतं पुन्हा टाका. ही पाटी दाराला जोडलेली नाही."

"तू बघशीलच ना."

"काच बघीन. ती पुढं काय करते ते. तोंडातून तुमच्या काही जायला नको नि माझ्याही."

म्हाताऱ्यानं पाटी पुढ्यात ओढली. मग एका बोटानं सावकाश चार खुणा टाकल्या. एक, टिंब, दोन, पाच. सव्वा म्हणजे हे, एवढं त्याला रेशनच्या काट्यानं शिकवलं होतं. अक्षरांत लिहिलं तर काच चूक म्हणेल, म्हणून तो दर्याचं मापही यंत्राच्या बोलीत घालून आला होता. बटण दाबलं. दुसरा प्रश्न काचेवर उमटायच्या आधीच तिच्यावर उत्तर आलं, "एक वीत. पाव तास."

दर्शनाला सगळं एकदम दिसलं. वाढप्याला पूर्ण आकडा आणायला सांगितलेलं. त्यानं एक उचलला, टिंब दिसल्यावर थांबला आणि परत आला. रिकामा आलेला नव्हता, म्हणून ओळ कुणी झाडली नाही. टिंब पंचवीस दारातच राहिलं. लगेच दुसरा वाढपी गेला, तासांचा. त्याला टिंब चालत होतं. त्याला वाटलं हे आपल्यासाठीच वाढून ठेवलंय. पहिल्या प्रश्नाचं उष्टं दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर झालं, आणि यंत्रानं प्रामाणिकपणे सांगितलं की आपण सांगितल्याप्रमाणे.

तिनं तिथंच, फळ्यांवर बसून, दुरुस्ती लिहिली. आता घाईचा वाढपी नको. आधी माणसानं टाकलेली पूर्ण ओळ, बटणापर्यंतची, एफगेट्स नावाच्या हुकमानं उचलून आत आणायची. दारात कणही ठेवायचा नाही. मग ती ओळ शांतपणे बघायची. आकडा निघाला, टिंबासकट, तर तो घ्यायचा. आकड्याच्या मागे काही वेगळंच असलं, तर पुन्हा विचारायचं. प्रत्येक प्रश्नाला त्याची स्वतःची ओळ. आणि "चूक" हा शब्द तिनं काढला. त्या जागी लिहिलं, "मला कळलं नाही. पुन्हा सांगाल?" हिराजी शेजारी बसून बघत होता. त्याला वाचता येत होतं. पावसाचा झोत पाटीवर येत होता तिकडे तो सरकून बसला.

पडवीत सगळं गाव दाटीनं बसलेलं. दर्शना उभी राहिली आणि म्हणाली की चूक यंत्राची आहे, म्हणजे माझी. मामांनी पाव तास टाकला नव्हता. त्यांच्या पहिल्या उत्तराचा तुकडा मागे राहिला आणि माझ्या हुकमानं तो तास म्हणून वापरला.

विश्रामनं विचारलं, "असं कुठलं उत्तर होतं की त्याचा तुकडा उरावा? रोज तर उरत नाही."

"ते सांगता येणार नाही."

"दाखव तरी करून."

"दाखवलं तर सांगितल्यासारखंच आहे."

पडवीत कुजबुज झाली. मागून कुणीतरी म्हणालं की सून आहे, सासऱ्याला पाठीशी घालणारच. दुसरा म्हणाला, बोलत नव्हते ना म्हणे एकमेकांशी, आता बघा. दर्शना उभीच होती. एक टिंब नि दोन आकडे बोलली असती तर तिचं म्हणणं खरं ठरलं असतं. ती बोलली नाही. विश्रामनं दोन्ही निकाल एकदम दिले. हिराजीकाका उघाडीवरून उतरतील. दर्शनाचं कामही काढून घेऊ, पेणहून कुणी जाणता आणू. तोवर यंत्र बंद करून फळ्या बसवू.

फळ्या. म्हाताऱ्याला वर्षभर हवं होतं ते हेच. मला वाटलं आता हा मिशीत हसेल. तर तो खांबाला धरून उठला.

"सव्वा," तो म्हणाला. "सव्वा वीत टाकली मी. दर्याच्या वाट्याची पाव. ती पाव यंत्रानं तास म्हणून धरली. पोर खरं बोलते."

चार पिढ्यांचं माप चारचौघांत उघडं पडलं होतं. विश्रामनं मान खाली घातली. दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिचे डोळे आधीच पावसानं भिजलेले, त्यामुळे निश्चित सांगता येत नाही.

सगळ्यात वयस्क म्हणजे बारकीआजी. तिचं वय विचारलं की ती समुद्राचं वय विचारते आणि त्यातून थोडं वजा करते. ती भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणाली, "बोललास ना? मग तो वाटा गेला. आता नवा द्यावा लागंल. पुनव अजून हाय."

कुणी शंका काढली की फळ्या बसवायला दोन दिवस जातील. आजी म्हणाली, दार हाय तेच उघडा, हात हायत तेच लागू देत. दर्याला फळी नि यंत्र कळत नाय. आणि नवं माप फक्त हिराजीचं. बघायचं नाय कुणी.

विश्राम उठून हिराजीच्या जवळ गेला आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलला. काय ते मला ऐकू आलं नाही, पण वाकला होता.

ओहोटी लागली तेव्हा पाऊस थोडा उतरला होता. दर्शनानं दुरुस्त केलेला गणकठोकळा उघाडीच्या खोक्यात बसवला. मग तिनं आणखी एक गोष्ट केली, कुणी न सांगता. काचेवर उत्तर उमटवणारी ओळ तिनं काढून टाकली होती, आणि दार हललं की आकडा जिथं ठेवला ती जागा पुसून टाकायचा हुकूम घातला होता. म्हणजे दुसऱ्या दिवशी तिलाही काढून बघता आलं नसतं. तपासणाऱ्या माणसाला हे किती जड जातं, ते तपासणारेच जाणोत.

सगळं गाव बांधावर दाराकडे पाठ करून उभं राहिलं. पाठमोरं उभं राहिलेलं दीडशे उंबऱ्यांचं गाव मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं म्हणजे माझ्या पुढच्यांचं पाहिलं, मीही पाठमोराच होतो. दर्शना सगळ्यांच्या अलीकडे, दाराच्या सगळ्यात जवळ, तीही पाठमोरी. आत बुडालेली शेतं, पाझरता बांध, आणि मागे एका म्हाताऱ्याचं एक बोट.

बटणांचा टकटक आवाज आला. किती वेळा, ते पावसात मोजता आलं नाही. मोठं बटण दाबलं गेलं. मग काहीच नाही.

विश्रामचं लक्ष बुडालेल्या भाताकडे होतं. त्याच्या शेतात बगळेही पोहत होते.

"पोरी," हिराजी म्हणाला. सुनेशी, सरळ. "दुसरं पण इचारतंय."

"मग सांगा की त्याला, मामा," दर्शना वळून न बघता म्हणाली. "ते ऐकेल."

पुन्हा टकटक झालं. खिट्टी सुटली, पिंप हलला, आणि आमच्या पाठीमागे पाणी धावायला लागलं.